झांस्कर नदीवर मित्रांसोबत मुक्कामी राफ्टिंग : तयारीपासून निम्मूच्या संगमापर्यंत

कोलाडला कुंडलिकेत दोन-तीन तास राफ्टिंग करून दुपारी मासळीच्या ताटावर बसता येतं. काही दुखलं-खुपलं तरी गाडी जवळच उभी असते. लडाखमधल्या झांस्करवर पाच-सहा दिवस राफ्टमधून जायचं, रोज संध्याकाळी काठावर तंबू ठोकायचा आणि सकाळी सगळं आवरून पुन्हा पाण्यात उतरायचं, हा मामला पुष्कळ मोठा आहे. राफ्ट रॅपिडमधून, म्हणजे खडकांवरून उसळत जाणाऱ्या पाण्यातून, काढणं गाइडचं काम असतं आणि चांगले गाइड ते उत्तम करतात. बाकीची मोहीम मात्र मित्रांनी स्वतः चालवायची असते : कोण येणार, कोण काय वाहणार, कोरडं काय ठेवायचं, आजारी पडलं तर काय करायचं. या लेखात त्याच बाजूवर जास्त भर दिला आहे, कारण सहली बहुतेक वेळा तिथेच फसतात.

आधी नदी समजून घ्या

झांस्कर खोऱ्यातलं मुख्य गाव असलेल्या पदुमजवळ स्तोद आणि त्सारप या दोन नद्या एकत्र येतात आणि झांस्कर तयार होते. तिथून ती उत्तरेकडे वळते, उभ्या कड्यांच्या घळीत शिरते आणि लेहपासून सुमारे ३५ किलोमीटरवर निम्मूला सिंधूला मिळते. हिवाळ्यात हिच्याच गोठलेल्या पाठीवरून चादर ट्रेक होतो, त्यामुळे आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींना नाव ओळखीचं आहे. उन्हाळ्यात तीच नदी गाळाने राखाडी होऊन फुगलेली असते.

राफ्टिंगचा हंगाम साधारण जुलै ते सप्टेंबरची सुरुवात. पाणी हिमनद्यांचं, म्हणून ते उन्हाबरोबर वाढतं. दिवसभर बर्फ वितळतो, ते पाणी वाटेत वेळ घेतं आणि दुपारनंतर किंवा रात्री खालच्या टप्प्यात पातळी चढते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे बरेच नियम आपोआप समजतात : सकाळी लवकर का निघायचं, राफ्ट पाण्यापासून दूर ओढून का बांधायची, तंबू वाळूच्या अगदी कडेला का नको. जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत पाणी सर्वांत जोरात असतं. पहिल्यांदाच जाणाऱ्या गटाने ऑगस्टचा शेवटचा आठवडा धरावा, असं माझं मत. रॅपिडची मजा राहते, पण धाक थोडा उतरतो.

रॅपिडच्या अवघडपणाची प्रतवारी १ ते ६ अशी असते. झांस्करवरचे मुख्य रॅपिड ३ आणि ४ प्रतीचे आहेत. आकडा ऐकून 'ऋषिकेशला तर केलंय की' असं म्हणू नका. गंगेवरचा ३ प्रतीचा रॅपिड आणि बर्फाच्या पाण्यातला, साडेतीन हजार मीटर उंचीवरचा, दोन्ही बाजूंना भिंती असलेला ३ प्रतीचा रॅपिड यांत लाटा सारख्या असतील, पण पडल्यावर भोगावं लागणारं सारखं नसतं.

एक बदल ध्यानात घ्या. सीमा रस्ते संघटनेचा निम्मू–पदुम–दारचा हा रस्ता २०२४ मध्ये जोडला गेला आणि तो घळईतून नदीच्या सोबतीने जातो. जुन्या वर्णनांतला 'आठवडाभर माणूस दिसत नाही' हा अनुभव आता तसा उरलेला नाही. काहींना याचं वाईट वाटतं, मलाही थोडं वाटतं. पण हिवाळ्यात महिनोन्महिने कोंडून पडणाऱ्या झांस्करी गावांना तो रस्ता हवाच होता, आणि जखमी माणसाला बाहेर काढणंही त्याने सोपं झालं आहे.

मंडळी जमवताना

आठ ते बारा जण हा चांगला आकडा. दोन राफ्ट भरतात, स्वयंपाक आवाक्यात राहतो आणि सगळ्यांचे चेहरे एका नजरेत मोजता येतात.

ग्रुपवर 'कोण कोण येणार?' असं विचारू नका. तिथे सगळेच येतात. प्रत्येकाशी वेगळं बोला. पाण्याची भीती आहे का? डोकं पाण्याखाली गेलं तर घाबरायला होतं का? दमा, रक्तदाब, फिट, हृदयाचा त्रास, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, निखळलेला खांदा, यांपैकी काही? खांद्याबद्दल मुद्दाम विचारा. एकदा निखळलेला खांदा वल्हं मारताना पुन्हा निखळू शकतो आणि नदीच्या मध्यावर ते फार महागात पडतं. पोहता येणं अनिवार्य नसतं, लाइफ जॅकेट तरंगवतं. पण पाण्यात डोकं शांत ठेवता येणं अनिवार्य आहे, आणि ते पोहणाऱ्यालाही प्रत्येक वेळी जमतंच असं नाही.

दुसरी गोष्ट सगळ्यांसमोर स्पष्ट बोला. इतर नद्यांवर अवघड रॅपिड आला तर उतरून काठाने चालत पुढे जाता येतं. झांस्करच्या अरुंद भागात काही ठिकाणी दोन्हीकडे सरळ कडे आहेत, काठच नाही. म्हणजे 'तिथे गेल्यावर बघू' हे चालत नाही, निर्णय घरी घ्यायचा. कोणी नाही म्हणालं तर 'अरे चल रे, काही होत नाही' हे वाक्य गटातल्या एकानेही उच्चारू नये. नाही म्हणणाऱ्याने लेहला येऊन चिलिंग ते निम्मू हा एका दिवसाचा सोपा टप्पा करावा आणि शेवटी संगमावर भेटावं. सहल त्याचीही होते.

मग कामं वाटा. एक जण वर्गणीचा हिशेब, एक जण कंपनीशी बोलणार, एक जण औषधं, एक जण खाणं. कंपनीशी चौघे जण बोलू लागले की चार वेगळी उत्तरं येतात. आगाऊ रक्कम किती, एखाद्याने ऐनवेळी माघार घेतली तर त्याच्या पैशांचं काय, रस्ता बंद झाला तर वाढीव मुक्काम कोणाच्या खर्चाने, हे लेखी घ्या. मैत्रीत कटुता येते ती बहुधा याच तीन प्रश्नांवरून.

कंपनी निवडताना

झांस्करची मोहीम स्वतःच्या बळावर करण्याचा विचारही नको. लेहमधल्या अनुभवी राफ्टिंग कंपनीबरोबरच जा. स्वस्त कोण हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी हे विचारा :

- राफ्ट किती असतील? किमान दोन हव्यात. एकटी राफ्ट उलटली तर माणसं उचलायला कोणी उरत नाही. शिवाय सामानाची वेगळी राफ्ट आहे का, की तंबू-भांडी तुमच्याच पायांत?
- सोबत सेफ्टी कयाक, म्हणजे बचावासाठीची एकट्याची छोटी होडी, आहे का? पाण्यात पडलेल्या माणसाकडे सगळ्यात आधी कयाकवालाच पोचतो.
- मुख्य गाइडने हाच टप्पा, याच महिन्यात, किती हंगाम केला आहे? आंतरराष्ट्रीय राफ्टिंग महासंघाचं प्रमाणपत्र आणि दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का?
- वेटसूट (थंड पाण्यात ऊब धरणारा घट्ट रबरी पोशाख), स्प्लॅश जॅकेट (उडणारं पाणी अडवणारं), हेल्मेट, लाइफ जॅकेट कोणाचं? तुमच्या मापाचं मिळेल का? लाइफ जॅकेट सैल असेल तर ते पाण्यात वर सरकतं आणि माणूस खाली राहतो.
- शौचालयाची व्यवस्था काय? मैला बरोबर परत आणतात का?
- संपर्काचं साधन कोणतं आणि त्याची परवानगी आहे का?

शेवटच्या प्रश्नाला कारण आहे. आपल्याकडे उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. परदेशातला मित्र येणार असेल तर त्याला आधीच सांगा, कारण तिकडे ट्रेकर सर्रास वापरतात ते यंत्र इथे विमानतळावर अडचणीत आणतं. मोबाइलचं म्हणाल तर महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. गटात दोघांकडे तरी पोस्टपेड असावं, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचं.

प्रवास विमा घेताना साहसी खेळ आणि उंचावरून सुटका हे दोन्ही शब्द पॉलिसीत आहेत का ते पाहा. साध्या पॉलिसीत राफ्टिंग बहुधा वगळलेलं असतं.

तीन महिने आधीपासून

दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यांचे पाय तयार असतात. वल्हं मात्र पायांनी मारत नाहीत. ताकद लागते पाठीत, पोटात आणि खांद्यांत. सूर्यनमस्कार, पुल-अप, रबरी पट्टा ओढण्याचे व्यायाम आणि आठवड्यातून दोनदा पोहणं, एवढं पुरतं. पोहताना मुद्दाम उताणं तरंगायचा सराव करा, तो पुढे उपयोगी पडेल.

पावसाळ्यात सगळ्या गटाने एकदा कोलाडला जाऊन या. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेलं पाणी कुंडलिकेत येतं आणि त्यावर सकाळचं राफ्टिंग चालतं. रॅपिड सौम्य आहेत, पण हुकूम ऐकून आठ जणांनी एकदम वल्हं मारणं तिथे शिकता येतं. शांत टप्प्यावर गाइड पाण्यात उतरू देतात, तेव्हा प्रत्येकाने उतरायचंच. बाहेरून राफ्टमध्ये परत चढणं किती कठीण असतं हे तिथे कळतं. कोण घाबरतो, कोण हुकूम ऐकत नाही, कोण दुसऱ्याकडे लक्ष ठेवतो, हेही तिथेच दिसतं. गट प्रमुख कोण हे त्या दिवशी ठरवा, आधी नको.

दिवसांचा हिशेब

मुंबई-पुण्यातून निघून परत येईपर्यंत दोन आठवडे धरा. लेह ३५०० मीटरवर आहे. विमानाने एकदम तिथे उतरलं की पहिले दोन दिवस काहीच करायचं नाही. 'काहीच नाही' म्हणजे शांती स्तूपाच्या पायऱ्याही नाहीत. पाणी प्या, झोपा, हळू चाला. तिसऱ्या दिवशी सिंधूवर फे ते निम्मू हा सोपा टप्पा करून हात मोकळे करा आणि वेटसूटचं माप तपासा.

पुढे पदुमला पोचायचे दोन मार्ग. जुना रस्ता कारगिलहून सुरू नदीची घाटी, रांगदुम आणि सुमारे ४४०० मीटर उंचीच्या पेन्सी ला खिंडीतून. दोन दिवस लागतात, पण द्रांग-द्रुंग हिमनदी अगदी रस्त्यावरून दिसते आणि नदीचं पाणी कुठून येतं ते डोळ्यांना कळतं. मी हाच सुचवेन. नवा रस्ता निम्मूहून घळईतून जातो, वेळ वाचतो, पण कामं आणि दरडींमुळे कधी अडेल सांगता येत नाही. कंपनीला त्या आठवड्याची स्थिती विचारा.

पदुमला एक दिवस राखा. कर्शाचा मठ पाहा, झांस्करमधला सर्वांत मोठा. पुढे झांगलाचा जुना राजवाडा आहे, जिथे १८२३-२४ मध्ये चोमा दे कोरोश हा हंगेरियन अभ्यासक तिबेटी भाषा शिकत थंडीत कुडकुडत बसला होता. पुढे त्यानेच तिबेटी-इंग्रजी शब्दकोश केला.

मग नदीवर पाच दिवस आणि शेवटी लेहमध्ये एक मोकळा दिवस. तो मोकळा दिवस कापू नका. लेहची विमानं हवामानामुळे रद्द होतात आणि नदीही कोणाच्या रजेप्रमाणे वाहत नाही. ३१ डिसेंबर २०१४ ला दरड कोसळून त्सारपचं पाणी अडलं, मागे लांबच लांब तळं साचलं आणि ७ मे २०१५ ला ते फुटून खालचे पूल वाहून गेले. तुमच्या वेळी एवढं काही होणार नाही, पण एक दिवस इकडे-तिकडे होणं अगदी साधी गोष्ट आहे.

सामान : ओलं आणि कोरडं

सगळ्या सामानाचा एकच नियम. दिवसभर भिजायचे कपडे एक जोड, तळावर घालायचे कोरडे कपडे एक जोड, आणि या दोन्हींची कधीही गाठ पडू द्यायची नाही.

पाण्यासाठी : अंगालगत पॉलिस्टर किंवा लोकरीचा पातळ थर, त्यावर वेटसूट, वर स्प्लॅश जॅकेट, पायांत निओप्रिनचे (वेटसूटच्याच रबरी कापडाचे) बूट. सुती कपडा नको. सुती टी-शर्ट भिजला की अंगाला चिकटून उष्णता खेचत राहतो. जीन्स तर घरीच ठेवा.

तळासाठी : लोकरीचे मोजे, फ्लीस, जाड जाकीट, कानटोपी, सैल पँट. ऑगस्टमध्येही रात्री चांगलीच थंडी पडते. शून्य अंशाच्या थंडीत चालणारी स्लीपिंग बॅग आणि खाली चांगली मॅट.

हे सगळं ड्राय बॅगमध्ये, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायच्या जलरोधक पिशवीत. ड्राय बॅग नुसती बंद केली म्हणून पाणी आत जात नाही असं नसतं. आधी जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात कपडे. बॅग तीन चतुर्थांशच भरायची. मग गुडघ्याने दाबून हवा काढायची, तोंडाच्या दोन्ही कडा तंतोतंत जुळवायच्या आणि घट्ट तीन-चार घड्या घालून बकल लावायचं. घडीत वाळूचा कण किंवा कपड्याचा दोरा अडकला की तिथून पाणी शिरतं, म्हणून कडा बोटाने पुसून घ्यायची. हे रोज सकाळी करायचं असतं. पहिल्या दिवशी प्रत्येकाची बॅग गाइडला दाखवा.

दिवसाची छोटी ड्राय बॅग वेगळी : सनस्क्रीन, ओठांचं मलम, सुका खाऊ, औषधं, पाण्याची बाटली. उंचावरचं ऊन पाण्यावरून परावर्तित होतं, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला भाजतं. तिथे सनस्क्रीन लावायचं कोणाला सुचत नाही. चष्म्याला दोरी बांधा आणि एक जादा चष्मा तळाच्या बॅगेत ठेवा. गाळाच्या पाण्यात कॉन्टॅक्ट लेन्स फार त्रास देतात. अंगठ्या, मंगळसूत्र, साखळ्या काढून ठेवा.

पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच न्यायची, गॅसचे डबे विमानात चालत नाहीत. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही, तो आणूच नका. रॅपिडमध्ये फोन हातात नको, कॅमेरा लागत असेल तर हेल्मेटवर पक्का बसवा. लोंबकळणारी कुठलीही दोरी पाण्यात अडकते.

पाण्यावर

निघण्याआधी गाइड सूचना देतो. शंभर वेळा ऐकल्या असल्या तरी ऐका, कारण हुकुमांचे शब्द प्रत्येक गाइडचे थोडे वेगळे असतात.

बसायचं राफ्टच्या बाहेरच्या फुगलेल्या कडेवर, आत नाही. पुढचा पाय राफ्टच्या तळाला असलेल्या पायकप्प्यात किंवा आडव्या फुग्याखाली घट्ट रोवायचा. राफ्टशी तुम्हाला बांधणारं तेवढंच असतं. एक हात वल्ह्याच्या दांड्यावर, दुसरा वरच्या टी आकाराच्या मुठीवर. ती मूठ कधीही सोडायची नाही. हेलकाव्यात सुटलेली मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते, आणि राफ्टिंगमधल्या नेहमीच्या दुखापतींपैकी ही एक आहे. वल्हं हाताच्या जोरावर ओढू नका. कमरेतून पुढे वाका, पातं पूर्ण बुडवा आणि पाठीने मागे या. पुढे बसलेल्या दोघांचा ठेका सगळ्यांनी धरायचा. लाट अंगावर आली की वल्हं थांबवून दोरी पकडावीशी वाटते. तेव्हाच वल्हं पाण्यात हवं, कारण वेग गेलेली राफ्ट लाटेत आडवी होते.

'हाय साइड' हा हुकूम आला की विचार करायचा नाही. राफ्ट खडकाला टेकली की प्रवाहाच्या वरच्या बाजूची कड दबू लागते, पाणी आत चढतं आणि राफ्ट खडकाला गुंडाळली जाते. ते टाळायला सगळ्यांनी खडकाच्या दिशेने, उंच झालेल्या कडेवर झेप घ्यायची. मन उलट सांगतं, खडकापासून दूर पळावंसं वाटतं. म्हणून शांत पाण्यात हे चार-पाच वेळा करून बघा.

पाण्यात पडलात तर पहिला मिनिट फक्त श्वासाचा. थंड पाण्याचा धक्का बसला की माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. लाटेच्या माथ्यावर तोंड बंद, दोन लाटांच्या मधल्या खळग्यात श्वास. मिनिटभरात छाती ताळ्यावर येते. त्यानंतर बर्फाच्या पाण्यात हातापायांत कामाची ताकद उरते ती साधारण दहा मिनिटं, ती जपून वापरा. उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, अंगठे पाण्याबाहेर, गुडघे किंचित वाकलेले. पाय हेच तुमचे बंपर. पाणी गुडघाभर दिसलं तरी वाहत्या धारेत उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाऊल दोन दगडांत अडकलं की प्रवाह माणसाला पुढे वाकवून पाण्याखाली दाबतो. काठ जवळ आला किंवा गाइडने खूण केली की पालथे होऊन जोरात पोहा.

गाइडने बचावाच्या दोरीची पिशवी फेकली तर दोर पकडा, पिशवी नाही. दोर छातीशी धरून खांद्यावरून घ्या, पाठीवर व्हा. हाताला कधीही गुंडाळू नका.

राफ्ट उलटून तुम्ही खाली सापडलात तर दोन्ही हात तिच्या तळाला लावा आणि एकाच दिशेने हात टाकत बाहेर या. दिशा बदलत राहिलात तर खालीच फिरत राहाल. बाहेर आलात की कडेची दोरी धरा आणि राफ्टच्या वरच्या, म्हणजे प्रवाह येतो त्या, बाजूला राहा. राफ्ट आणि खडक यांच्या मध्ये सापडणं सर्वांत वाईट. मग मोजणी. प्रत्येकाला आपला जोडीदार ठरलेला असावा, आणि तो दिसेपर्यंत दुसरं काही बघायचं नाही.

झांस्करच्या काठावर झाडी फारशी नाही, त्यामुळे बुडालेल्या फांद्यांत अडकण्याचा धोका कमी. कोलाडला मात्र तो आहे, तिथे काठाच्या झाडांपासून दूर राहायचं.

दुपारनंतर घळईत समोरून जोराचा वारा सुटतो. शांत पाण्यातही वल्हं मारून जीव निघतो. सकाळी आठपर्यंत पाण्यात आणि दुपारी तीनपर्यंत तळावर, हे वेळापत्रक पाळलं तर वाराही चुकतो आणि वाढतं पाणीही. न्येरकजवळ घळ इतकी अरुंद होते की अख्खी नदी काही मीटरांत दाटून वाहते आणि आवाजाने एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. तिथे फक्त गाइडचा आवाज चालतो, गप्पा पुढे चिलिंगला.

तळ

जागा गाइड निवडतो, पण तुमचा तंबू नेमका कुठे हे तुम्हीच ठरवता. कोरड्या नाल्याच्या तोंडाशी कधीही नको. सपाट, मऊ, वाऱ्यापासून आडोशाची अशी ती जागा मोहात पाडते. ५-६ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेह परिसरात ढगफुटी झाली तेव्हा चिखल-दगडांचे लोंढे अशाच नाल्यांतून खाली आले. कड्याच्या पायथ्याला ताजे, धारदार दगड पडलेले दिसले तर तिथेही नको, वरून आणखी येतात.

वाळूत खुंट्या टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरून तिला तंबूची दोरी बांधा आणि ती पिशवी फूटभर खोल पुरा. नाहीतर मोठ्या लांबट दगडाला दोरी बांधून त्यावर आणखी दगड रचा. रिकामा तंबू उभा करून सोडू नका, वारा तो उचलून नदीत टाकतो. आधी आत बॅग, मग खांब.

पोचल्यावर क्रम ठरलेला असावा. राफ्ट वर ओढून बांधायच्या, सगळ्यांनी मिळून साखळी करून सामान उतरवायचं, मग कोरडे कपडे, मग चहा, मग तंबू. चहा आधी मागणारे भिजलेल्या कपड्यांत बसतात आणि सूर्य कड्याआड गेला की कुडकुडू लागतात. घळईत सूर्य फार लवकर जातो.

स्वयंपाकघर आणि शौचालय एकमेकांपासून लांब, आणि दोन्हीकडे साबण-पाणी. हात धुण्यात हयगय झाली तर दोन दिवसांत अर्ध्या गटाला जुलाब होतात. भांडी तीन पाण्यांतून : खरकटं झाडून साबणाच्या गरम पाण्यात, मग साध्या पाण्यात, मग जंतुनाशकाचे थेंब टाकलेल्या पाण्यात. सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू, कांद्याची सालं, सगळं परत न्यायचं. या कोरड्या थंड हवेत केळ्याचं सालसुद्धा लवकर कुजत नाही. शेकोटी नको, इथे जळण दुर्मीळ आहे आणि नदीकाठचं एकेक लाकूड गावकऱ्यांच्या कामाचं असतं.

दारूबद्दल स्पष्ट सांगतो : मोहीम संपेपर्यंत नाही. उंची, थंड पाणी आणि अपुरी झोप यांत ती चौथी भर कोणालाच झेपत नाही.

पाणी आणि पोटपूजा

झांस्करचं पाणी गाळाने भरलेलं असतं, फिल्टर मिनिटांत तुंबतो. बाजूने येणारा स्वच्छ ओढा मिळाला तर तिथून भरा. नाही मिळाला तर आजीचा उपाय कामाला येतो : बादलीत तुरटी दोन-चार वेळा फिरवायची आणि पाणी रात्रभर स्थिर ठेवायचं. सकाळी वरचं निवळ अलगद काढून गाळा आणि उकळा. या उंचीवर पाणी ८८ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळतं, म्हणून उकळी आल्यावर तीन मिनिटं राहू द्या.

त्याच कारणाने डाळ-तांदळाला प्रेशर कुकर हवाच. कंपनीचा स्वयंपाकी असतो, तरी एखाद-दुसरं जेवण आपण करावं. ते सगळ्यांना आवडतं, त्यालाही. पिठलं-भात हे नदीकाठचं उत्तम जेवण आहे : बेसन हलकं, फोडणीचं सामान एका डबीत, आणि दहा-पंधरा मिनिटांत बारा जणांची पानं वाढून होतात. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजलेल्या रव्याचं उपम्याचं तयार मिश्रण, गूळपोळ्या, हे सगळं टिकतं. मेतकूट-भात-तुपाची चव पोट बिघडलेल्या माणसाला काय वाटते हे तिथेच कळतं. दिवसाच्या खाऊला शेंगदाणे-गूळ, जर्दाळू लेहमध्ये उत्तम मिळतात. भूक नसली तरी दर दोन तासांनी खायचं, थंड पाण्यात शरीर भराभर इंधन जाळतं.

तब्येत

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही विरळ हवेची सुरुवात. अशा वेळी आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागणं, झोकांड्या जाणं, असंबद्ध बोलणं दिसलं तर वाट न बघता खाली उतरवायचं, रात्र असली तरी. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर तेही त्यांना सांगा.

औषधांच्या डब्यात ओआरएस भरपूर, पॅरासिटामॉल, ॲलर्जीची गोळी, पट्ट्या, चिकटपट्टी, जखम धुण्याचं औषध. आणि कोकमाच्या तेलाचा एक गोळा. रोजच्या ओल्या वाळूने टाचा आणि बोटांची पेरं चिरतात. रात्री पाय कोरडे पुसून, तेल पातळ करून भेगांत भरायचं आणि वर लोकरीचे मोजे घालायचे. सकाळी पाय पुन्हा चालण्याजोगे होतात. आमच्या गटातल्या बाहेरच्या मित्रांनी दुसऱ्या रात्रीपासून तो गोळा मागून घ्यायला सुरुवात केली.

चिलिंग ते निम्मू

चिलिंग हे तांबटांचं गाव. लेहजवळच्या शे गावातल्या मोठ्या बुद्धमूर्तीसाठी नेपाळहून आलेल्या कारागिरांचे वंशज इथे राहतात असं सांगतात, आणि धातूकाम अजून चालतं. वेळ असेल तर उतरून पाहा. काही घ्यायचं असेल तर थेट त्यांच्याकडून घ्या.

शेवटचा टप्पा सोपा, पण दमलेल्या अंगाने आणि ढिल्या पडलेल्या लक्षाने करायचा असतो, म्हणून लाइफ जॅकेटचे पट्टे संगमापर्यंत घट्टच ठेवा. निम्मूला राफ्ट काठाला लागल्यावर लगेच पांगू नका. हवा काढणं, धुणं, घड्या घालणं यात गाइडना हात द्या. त्यांना आणि स्वयंपाक्याला द्यायची बक्षिसी वर्गणीतून आधीच वेगळी काढून ठेवलेली असावी, म्हणजे काठावर खिसे चाचपत बसावं लागत नाही.

लेहला पोचल्याबरोबर सगळं ओलं सामान हॉटेलच्या गच्चीत पसरा, तिथल्या उन्हात दोन तासांत खडखडीत वाळतं. ओली ड्राय बॅग तशीच मुंबईला आणली तर आठवड्यात बुरशी धरते. हिशेब त्याच संध्याकाळी जेवताना पुरा करा, सगळे समोर असतात तोवर. घरी पोचल्यावर तो महिनाभर रेंगाळतो.